एक बोडी बीजासाठी राखा: मामा तलावांच्या गावांतील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गावांच्या सर्व ग्रामसभा,
तसेच त्याच तलावांच्या पाण्यावर जगणारे धान उत्पादक शेतकरी आणि मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा सचिव आहे. मी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला आहे आणि माझे घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच आहे. आपल्यापुढे एकच मागणी ठेवण्यासाठी हे पत्र लिहितो आहे आणि ती मागणी आरंभीच सांगतो. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या हद्दीतील एक बोडी, म्हणजे लहान तळे, मग ती दहा-वीस गुंठ्यांची का असेना, मासोळीचे बीज वाढवण्यासाठी गावच्या मत्स्य संस्थेकडे निदान पाच वर्षांकरिता राखून द्यावी. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिच्यातील पाणी किती ठेवायचे, हे शेतकरी आणि संस्था यांनी एकत्र बसून ठरवावे. आणि त्या बोडीत किती बीज सोडले, किती जगले, किती मोठ्या तलावात गेले याचा हिशेब संस्थेने दरवर्षी ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवावा. याला सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही, कारण यासाठी लागणारी जमीन, पाणी, शेण, कोंडा आणि माणसे गावातच आहेत.

आपल्या या भागात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून ते बांधले. पाणी धानाला, मासोळी ढिवराला, गाळ शेताला आणि काठावरचे गवत गावच्या जनावरांना, अशी वाटणी त्या काळी कागदावर नसली तरी गावाच्या मनात पक्की होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या वापराचे, हक्क कागदावर उरले, पण तलावाकडे सर्व मिळून पाहणारी नजर मात्र हळूहळू विखुरली. पाण्याचा कारभार एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसरीकडे, गाळ काढण्याचे काम तिसरीकडे, आणि पाळीवर उगवलेल्या बेशरमीच्या झुडपांकडे पाहायला कोणीच नाही, अशी स्थिती आली. मासोळीच्या बीजाचा प्रश्न या विखुरण्यातूनच आला आहे, असे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवाअंती मत झाले आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या संस्थेने सभासदांकडून वर्गणी गोळा करून बाहेरच्या एका पुरवठादाराकडून बीज मागवले होते. गाडी पहाटे यायची होती, ती पाळीवर आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पिशव्या बाहेर काढल्या. तिसरा हिस्सा पाणी आणि वर प्राणवायू भरून तोंड बांधलेल्या त्या पिशव्या हाताला कोमट लागत होत्या. पाणी दुधाळ झाले होते, तळाशी मेलेल्या पिलांचा पांढरा थर बसला होता आणि जिवंत असलेली पिले पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होती. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी सारख्या तापमानाला येऊ द्यायचे, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घेत पिलांना आपणहून बाहेर पडू द्यायचे, ही रीत आम्हाला माहीत होती. पण गाडीवाल्याला अजून दोन गावे गाठायची होती आणि पिशव्यांमधली पिले डोळ्यांदेखत मरत होती. घाईघाईने पिशव्या फाडून ओतल्या. पावतीवर 'बोटुकली', म्हणजे बोटाएवढी पिले, असे लिहिले होते. प्रत्यक्षात हाती आली ती नखाएवढी पिले. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी ओंजळीत थोडे पाणी घेऊन त्यातली पिले पाहिली, ओंजळ परत तलावात सोडली आणि काही न बोलता ते घरी निघून गेले. पुढच्या मार्चमध्ये महाजाळ ओढले तेव्हा त्या बीजाचा हिशेब करण्याजोगे जाळ्यात काही नव्हते.

त्या पुरवठादाराला दोष देऊन मी अनेक वर्षे मनाचे समाधान करून घेतले. पुढे लक्षात आले, की गाडी वेळेवर आली असती आणि एकही पिलू मेले नसते, तरीही फार फरक पडला नसता. एवढ्याशा पिलांना थेट मोठ्या तलावात सोडणे हीच मूळ चूक होती.

धान करणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला वेळ लागू नये. आपण खारीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतो, तीन-चार आठवडे त्यांना जपतो आणि मग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करतो. दुसऱ्या जिल्ह्यातून पऱ्हे उपटून आणून, दोन दिवस गाडीत ठेवून, मग रोवणी करण्याचा विचार कोणी करणार नाही. मासोळीच्याही तीन अवस्था आहेत. अंड्यातून निघून पोटातली बलकाची पिशवी संपलेले, तीन-चार दिवसांचे, जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे पिलू म्हणजे जिरे. पंधरा-वीस दिवसांत ते साधारण एक इंचाचे होते, त्याला आपण बीज म्हणतो. पुढे दोन-तीन महिने वाढवले की बोटाएवढे होते, ती बोटुकली. मोठ्या तलावात टिकाव धरते ती बोटुकलीच. जिरे सोडले तर पाणकिडे, बेडूक आणि तलावातल्याच मांसाहारी मासोळ्या त्यांचा आठवड्याभरात फडशा पाडतात. तरीही कित्येक संस्था जिरे किंवा अगदी लहान बीजच विकत घेतात, कारण ते स्वस्त पडते आणि ठेक्याच्या अटीप्रमाणे 'बीज सोडले' असे कागदावर दाखवता येते.

इथे एक गोष्ट शेतकरी बंधूंना मुद्दाम सांगायला हवी, कारण दरवर्षी बीज कशाला हवे, आधीची मासोळी अंडी घालत नाही का, हा प्रश्न मला पाळीवर पुष्कळदा विचारला गेला आहे. ज्या तीन मासोळ्यांवर आज आपल्या संस्थांचे उत्पन्न उभे आहे, त्या कटला, रोहू आणि मृगळ मूळच्या मोठ्या नद्यांच्या. पावसाळ्यात पूर आलेल्या वाहत्या पाण्यात त्या अंडी घालतात. तलावाच्या उभ्या पाण्यात त्यांची अंडी पोटातच राहतात. पूर्वी त्यांचे बीज बंगालमधल्या नद्यांतून गोळा करून देशभर पाठवले जाई. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात मासोळीच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात या जातीच्या मासोळ्यांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवले. त्याच शोधावर पुढे देशातील सगळ्या हॅचऱ्या, म्हणजे अंडी उबवण्याची केंद्रे, उभ्या राहिल्या, आणि म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज गोल टाक्यांच्या हॅचरीत पाणी सतत फिरते ठेवून नदीचा भास निर्माण केला जातो. संध्याकाळी नर-मादीला इंजेक्शन दिले की पहाटेपर्यंत अंडी मिळतात आणि पुढच्या चौदा ते अठरा तासांत त्यांतून पिले निघतात. रोहूची एक मादी वजनाच्या किलोमागे लाखाहून अधिक अंडी देते. थोडक्यात, जिरे तयार करणे हे आता अवघड काम राहिलेले नाही. जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतचे तीन महिने हीच अवघड वाट आहे, आणि ती वाट हॅचरीच्या आवारात न चालता आपल्या बोडीत चालता येते.

बोडीत काय करायचे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ग्रामसभेला निर्णय घ्यायचा तर काम डोळ्यांसमोर दिसले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत बोडी पूर्ण कोरडी पडू द्यावी, तळाला भेगा पडू द्याव्यात. त्यामुळे खादाड मासोळ्या आणि त्यांची पिले राहत नाहीत. मग नांगराची एक पाळी घालून चुना आणि शेण टाकावे. पहिल्या पावसाचे पाणी भरले की आठ-दहा दिवसांत पाण्यावर हिरवट-तपकिरी झाक येते. ते सूक्ष्म जीव म्हणजेच जिऱ्यांचे पहिले अन्न. पाणी आत येते त्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी साबण आणि तेल एकत्र करून पाण्यावर फवारले, की श्वास घेण्यासाठी वर येणारे पाणकिडे मरतात. ही युक्ती जुनी आहे आणि आजही तितकीच उपयोगी आहे. जिरे शक्यतो सकाळी सोडावेत. नंतर शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा सारख्या प्रमाणात, बारीक दळून, रोज ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या कोपऱ्यात टाकावा. दहाव्या-बाराव्या दिवशी त्या कोपऱ्यात पाऊल टाकले, की पाण्याखालून हजारो बारीक सावल्या तुमच्या दिशेने येताना दिसतात. ज्याने ते एकदा पाहिले, त्याला पुढे खाद्याची वेळ चुकवावीशी वाटत नाही.

दहा गुंठ्यांच्या बोडीत तीन लाख जिरे वाढवता येतात. नीट राखले तर त्यांतले तीसेक टक्के बीजापर्यंत पोहोचतात, म्हणजे नव्वद हजार. हे बीज पुढे वाढायला जास्त जागा मागते. एकराच्या बोडीत लाखभर बीज बोटुकलीपर्यंत नेता येते आणि त्यातले साठ टक्के जगले, असे धरले तरी पन्नास हजारांहून अधिक बोटुकली हाताशी येतात. दहा हेक्टरच्या तलावात खाद्य न घालता मासोळी वाढवायची, तर हेक्टरी दोन हजार, म्हणजे एकूण वीस हजार बोटुकली पुरतात. म्हणजे एका गावाची बोडी स्वतःच्या तलावाची गरज भागवून शेजारच्या एक-दोन गावांनाही बीज देऊ शकते. म्हणून माझी सूचना अशी आहे, की प्रत्येक गावाने सगळे स्वतः करण्यापेक्षा चार-पाच गावांनी मिळून जबाबदारी वाटून घ्यावी: ज्या गावात लहान बोडी आहे त्याने जिऱ्याचे बीज करावे, ज्याच्याकडे मोठी बोडी आहे त्याने बोटुकली करावी, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने खाद्याचा खर्च आणि राखणदारी उचलावी.

शेतकरी बंधूंनो, खरी अडचण पाण्याची आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. सप्टेंबरात पावसाने दडी मारली, की धान पोटरीवर असताना एका पाण्यासाठी जीव टांगणीला लागतो, आणि नेमका तोच काळ बोडीतल्या बीजाच्या वाढीचा असतो. अशा वेळी 'मासोळीपेक्षा धान महत्त्वाचे' असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही, कारण माझ्या घरीही धानाची एक बांधी आहे. पण आधी ठरवून ठेवले तर दोन्ही साधता येते. बोडीत कमरेइतके पाणी असेपर्यंत शेतकऱ्याने हवे तितके घ्यावे. त्याखाली पातळी जाऊ लागली, की दोन दिवस आधी संस्थेला कळवावे. संस्था तेव्हा बीज ज्या आकाराचे असेल त्या आकारात जाळ्याने काढून मोठ्या तलावात हापे, म्हणजे बारीक कापडी जाळीचे पिंजरे, लावून त्यात ठेवेल, आणि मग बोडीचे उरलेले पाणी पिकाला मोकळे होईल. निम्म्या वाढीची बोटुकलीही जिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते. आमच्या गावात एका टंचाईच्या वर्षी आम्ही असेच केले होते. त्या वर्षी ना धान गेले, ना बीज, आणि त्यानंतर पाळीवरची भांडणे बरीच कमी झाली.

दुसरी विनंती फवारणीबाबत आहे. तुडतुड्यांसाठी औषध मारल्यावर बांधीचे पाणी निदान काही दिवस अडवून ठेवावे, बोडीत किंवा तलावात सोडू नये. मोठी मासोळी एखादे वेळी तग धरते, जिरे धरत नाहीत. आदल्या दिवशी नुसता निरोप दिला तरी आम्ही पाणी येण्याचे तोंड बंद करून घेऊ.

आता थोडे वेगळ्या मासोळ्यांविषयी. हे पत्र लिहिताना मला सर्वांत जास्त ओढ याच भागाची वाटली. कटला-रोहूचे बीज सोडून तलाव भरतो खरा, पण आमच्या आज्यांच्या टोपलीत मरळ, मागूर, शिंगी आणि चिमूटभर आकाराच्या कितीतरी लहान मासोळ्या असत. बाळंतिणीला, आजाऱ्याला त्यांचाच रस्सा दिला जाई. या मासोळ्यांना हॅचरी लागत नाही. तलावच त्यांची हॅचरी असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला त्या अंडी घालतात. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते: तांबूस पिलांचा एक पुंजका पाण्याच्या वरच्या थरात एकत्र हलताना दिसतो आणि त्याच्या खाली काळी सावली फिरत असते. त्या वेळी गळ टाकून आई-बाप काढले, तर तो सगळा पुंजका दुसऱ्या दिवशी बगळ्यांच्या पोटात जातो. आमच्यापैकी कित्येकांनी हे केले आहे, मीही तरुणपणी केले आहे. आज त्याची खंत वाटते. पहिल्या पावसात सांडव्यावरून आणि बांध्यांतून वर चढणाऱ्या, अंड्यांनी भरलेल्या मासोळ्या मारण्याचेही तेच आहे. निदान जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने सांडव्याजवळ आणि बांध्यांच्या तोंडाशी कोणीही जाळे लावू नये, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा, आणि तो ढिवरांसह सगळ्यांना लागू असावा.

या मासोळ्या कमी होण्याचे मोठे कारण तलावाच्या तळाशी आहे. बेशरमीने काठ व्यापले. गाळ काढताना यंत्रांनी तळ सरसकट एका पातळीत खरवडला, उथळ कडा राहिल्या नाहीत, आणि त्याबरोबर गाद, चौरा, चिला यांसारख्या पाणवनस्पतींचे कंदही निघून गेले. पाणवनस्पती गेल्या, तशी अंडी चिकटायची जागा गेली, पिलांचा आडोसा गेला, आणि पाणपक्ष्यांचे खाद्यही गेले. गोंदियाचा सारस याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर जगतो, हे आपण जाणताच. याला उपायही आपल्याच भागात झाला आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजातील जाणत्यांचे ज्ञान हाताशी धरून, आमच्या तालुक्यासह काही गावांच्या तलावांत बेशरम उपटणे, उन्हाळ्यात तळाची नांगरट करणे आणि पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे, असे काम संस्था आणि महिलांच्या गटांबरोबर केले. तलावाचा एक कोपरा लावायचा आणि पुढचे एक-दोन पावसाळे त्याला हात लावायचा नाही, इतके ते सोपे आहे आणि इतकेच ते अवघडही आहे, कारण त्या काळात त्या कोपऱ्यात गुरे उतरू न देणे हे एकट्या ढिवरांच्या हातात नसते. तिथे गावच लागते.

गाळ काढण्याचे काम मंजूर झाल्यावर यंत्र तलावात उतरण्याआधी संस्थेच्या माणसाला बोलवावे, ही माझी ग्रामपंचायतींना आग्रहाची विनंती आहे. कुठला भाग खोल करायचा, कुठला उथळ राहू द्यायचा आणि कुठल्या पट्ट्यातले कंद आधी काढून बाजूला ठेवायचे, हे त्याला दाखवता येईल.

बीज कुठले आणायचे याबाबत एक सावधगिरी सांगतो. तलावात मासोळी सोडणे नेहमीच पुण्याचे काम असते, असा आपला समज आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील हॅचरीत टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून दख्खनच्या महासीर माशाचे बीज तयार केले आणि त्या कामाचे कौतुक झाले, ते योग्यच आहे. पण हाच मासा पुढे कावेरी नदीत सोडला गेला, आणि आज कावेरीतला मूळचा कुबडा महासीर अतिसंकटग्रस्त ठरलेला आहे. बाहेरच्या महासीरने त्याची जागा घेतली, हे त्यामागचे एक मोठे कारण अभ्यासकांनी दाखवले आहे. सद्हेतूने सोडलेले बीजही चुकीच्या पाण्यात गेले तर घरच्याला उठवून देते. थाई मागूरवर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे, तरी तो स्वस्त आणि लवकर वाढतो म्हणून अजूनही चोरून पाळला जातो. तो एकदा तलावात शिरला की आमचा गावठी मागूर आणि मरळ दोन्ही संपतात. म्हणून गावाच्या तलावात कोणीही, अगदी देणगी म्हणूनही, संस्थेने पाहिल्याशिवाय मासोळी सोडू नये.

मत्स्यव्यवसाय विभागातील अधिकाऱ्यांनाही याच पत्रातून विनंती करतो. आपल्या केंद्रांतून मिळणारे जिरे आम्हाला हवेच आहेत. ते कोणत्या तारखेला मिळतील हे जूनअखेर कळले, तर आम्हाला बोडी त्या बेताने तयार करता येईल. जिरे आले आणि बोडीत पाणकिडे माजलेले, किंवा बोडी तयार आणि जिरे महिनाभर उशिरा, यात दोन्हीकडचा खर्च वाया जातो. अंडी घालणाऱ्या नर-मादीचा साठा वर्षानुवर्षे तोच ठेवला, तर जवळच्या नात्यात संकर होऊन पिढीगणिक वाढ मंदावते, आणि कटला व रोहू एकाच टाकीत ठेवले तर मिश्र पिले निघतात. हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. मूळ साठा कधी आणि कुठून बदलला, एवढी नोंद बीजाच्या पावतीवर असावी. नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात दोन आठवडे आमच्या बोड्यांवर येऊन पिले मोजून दिली, तर जगण्याचे प्रमाण अंदाजावर न राहता आकड्यांत सांगता येईल. राहण्या-जेवणाची सोय गाव करेल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदान ठरवलेले आहे. पण उरलेला हिस्सा आणि जमिनीची कागदपत्रे ज्यांच्याकडे नाहीत, त्या लहान संस्थांना ग्रामसभेने राखून दिलेली बोडी हाच आधार मानता यावा, अशी तरतूद शोधावी.

शेवटी आमच्याच संस्थांविषयी. गावाकडे काही मागण्याआधी स्वतःचे घर तपासले पाहिजे. किती बीज सोडले याचे खरे आकडे आम्ही गावाला कधी सांगितले नाहीत. कित्येक ठिकाणी संस्थेच्या नावावर ठेका असतो आणि प्रत्यक्षात तलाव एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती गेलेला असतो, त्यामुळे 'मासोळी तुमची, आम्हाला काय' असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही. आमच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन आठवडी बाजारात मासोळी विकतात, कोणती मासोळी कधी अंड्यांवर येते हे त्यांना आमच्याइतकेच कळते, तरी कित्येक वर्षे आमच्या संस्थेत एकही महिला सभासद नव्हती. आज बोडीवर खाद्य टाकण्याचे आणि नोंद ठेवण्याचे काम महिलांच्या गटाकडे आहे, आणि ती वही आमच्या इतिवृत्तापेक्षा नीट लिहिलेली असते. बोडी मिळाली तर तिची वहिवाट महिला गटाच्या नावावर करावी, असे मी सुचवतो. मासोळी काढण्याच्या दिवशी पहिली विक्री पाळीवरच, गावातल्या लोकांना ठरलेल्या भावाने व्हावी, आणि बोटुकली विकून आलेल्या पैशातला ठरलेला भाग पाळीच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे जमा व्हावा, हेही त्याच ठरावात लिहून घ्यावे.

१ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'मासोळीच्या बीजासाठी बोडी राखणे' हा विषय घेतला जावा, यासाठी आपापल्या सरपंचांकडे एप्रिलमध्येच लेखी अर्ज द्यावा. १ मे ही तारीख मुद्दाम सुचवतो. १५ ऑगस्टच्या सभेत ठराव झाला तर तोवर जिरे येऊन गेलेले असतात आणि एक वर्ष हातचे जाते. ठराव मेमध्ये झाला, तर महिन्याभरात बोडी वाळवून नांगरून चुना-शेण टाकता येते आणि जुलैत पहिले जिरे सोडता येतात. आमच्या तालुक्यातील ज्या गावाला ही पद्धत प्रत्यक्ष पाहायची असेल, त्याने जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन माणसे पाठवावीत, त्यांत एक शेतकरी अवश्य असावा. सकाळी सात वाजता खाद्य टाकतो, त्या आधी यावे.

आपला नम्र,
सचिव, एक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया